सोंग नव्हतं, गोळी होती

"दाखव. लोकांना पण दाखव तुझं नाटक."

डॉक्टरनं मले दंडाले धरून बाहेरच्या बाकांसमोर उभं केलं. दवाखाना भरलेला. माहं तोंड आपोआप वाकडं व्हायचं, जीभ बाहेर यायची, बोटं वळवळायची. थांबवाले गेली का आणखीनच. त्यानं माह्यासारखं तोंड करून दाखवलं. लोक हसले. माय दाराशी उभी. तिनं मान खाली घातली.

गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी सातवीत होती. भंडाऱ्यात आमचं हातमागाचं घर. मले मिरगीचे झटके यायचे, म्हणून याच डॉक्टरच्या गोळ्या. झटके थांबले अन् हे सुरू झालं.

माय म्हणाली, "साहेब, गोळ्या सुरू झाल्यापासूनच होऊन राहिलं जी."

"आता तू मला डॉक्टरी शिकवणार? तुम्हा विणकरांच्या पोरी शाळा बुडवायला असलीच सोंगं करतात. गोळी वाढवतो. सरळ होईल."

गोळी वाढली. हात असे उडाले का घास तोंडात जाईना. बाबानं शेवटी गमछ्यानं माहे हात खाटेले बांधले. मारलं नाही. अंगणात जाऊन बसले. डॉक्टर म्हणते तेच खरं असन, असं घरात सगळ्यांले वाटू लागलं. मलेबी.

मामानं नागपूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं चिठ्ठी पाहिली, माहे हात धरून पाहिले. म्हणाली, "हे पोरगी करत नाही. गोळीनं होतंय. काही मुलांना होतं असं." तिनं गोळी हळूहळू बदलली. तोंड सरळ झालं. हात थांबले.

मी रडली नाही. मले राग आला.

भंडाऱ्याले येताच त्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेली. माय मागं, नको नको म्हणत. बाकं भरलेलीच होती.

"सोंग नव्हतं. तुमची गोळी होती. या लोकांसमोर म्हणा."

"बरी झालीस ना? निघ."

"म्हणा."

कंपाउंडरनं ढकलत पायरीवर आणलं. मी तिथंच उभी राहिली. आत जाणाऱ्या एकेकाले सांगत राहिली. माय पहिले माहा हात ओढत होती. मग सोडला. अन् तीबी सांगू लागली.

आता तो डॉक्टर म्हातारा झाला. येत्या रविवारी त्याचा सत्कार आहे. गरिबांचा डॉक्टर म्हणून. लोक म्हणतात, जुनी गोष्ट, सोडून दे.

गोळीचं मी कवाच सोडलं. गोळी कोणाले कशी लागन, सांगता येत नाही. पण मायनं खरं सांगितलं होतं, अन् त्यानं तिचं तोंड बंद केलं. ते सोडत नाही. मी जाणार आहो. मायले घेऊन जाणार आहो. आम्हाले बोलू दिलं नाही, तर त्याच्या गळ्यात हार पडू देणार नाही.