पिवळ्या माशांची झडती

माझ्या सासऱ्यांचा, सीताराम परबांचा, या जगात कुणावरही विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, बँकेतल्या मुलीवर नाही, लिफ्टमधल्या कॅमेऱ्यावर तर मुळीच नाही. परळच्या एका गिरणीत ते एकतीस वर्षं गेटवर होते. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या कामगारांची झडती घ्यायची, कुणी कमरेला कापड गुंडाळून नेतोय का ते बघायचं, हे त्यांचं काम. गिरणी कधीच बंद पडली, बाबांची ड्युटी मात्र अजून सुटलेली नाही. मी ऑफिसातून आले की ते आधी माझ्या पिशवीकडे बघतात, मग माझ्याकडे. नवीन लग्न झालं तेव्हा याचा मला संताप यायचा. आता मीच पिशवी उघडून दाखवते आणि विचारते, "जाऊ का आत, साहेब?"

बाबांचं शास्त्र सोपं आहे. जो भिंतीला धरून चालतो, ज्याला घाम फुटतो, जो नजर चुकवतो, तो चोर. जो छाती काढून मधून चालतो, तो साफ. याच शास्त्राने त्यांनी शहाण्णव साली साचेखात्यात मागावर काम करणाऱ्या कुशाबांना घाम फुटलेला पाहून बाजूला घेतलं. अंगावर चिंधीसुद्धा सापडली नाही. तरी बाबांनी रिपोर्टात "हालचाल संशयास्पद" असं लिहिलं आणि कुशाबांची नोकरी गेली. त्यानंतरही गिरणीतून कापड जातच राहिलं. बाबांचं म्हणणं, कुशाबांचा साथीदार आत राहिला असणार.

कुशाबांनी पुढे दादरच्या फुलबाजारात गोण्या उचलून संसार केला. चाळी पाडून लालबागला आमचा टॉवर उभा राहिला, त्यात आम्ही नवव्या मजल्यावर आणि कुशाबा अकराव्या. अठ्ठावीस वर्षं दोघांत एक शब्द नाही. लिफ्टमध्ये कुशाबा दिसले की बाबा दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून येतात. आपल्या डोळ्याची एवढी खात्री असलेल्या माणसाने जिना का चढावा, असं मी एकदा विचारलं होतं. चार दिवस ते माझ्या हातचं जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या गणपतीनंतर मी हौसेने चार फुटी काचेची टाकी घेतली. मला सिक्लिड मासे पाळायचे होते, आफ्रिकेतल्या तळ्यातले, रंगाने देखणे आणि स्वभावाने भांडखोर. आमच्या गल्लीच्या टोकाला कास्मीर नावाच्या माणसाचं पाळायच्या माशांचं दुकान आहे. मी तिथे निघाले तेव्हा बाबाही चप्पल घालून तयार. दुकानदार सुनेला फसवणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

कास्मीरने मला नीट समजावलं. "मेघना, सगळे एका मापाचे घे. दगड भरपूर टाक, प्रत्येकाला लपायला कोपरा पायजे. हे पिवळे, यलो लॅब, घे सहा, गरीब जात आहे. यांच्यात कुणी दादा नको घालू."

बाबा तोवर दुसऱ्या टाकीपुढे उभे होते. आत पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक मासा थेट काचेला येऊन त्यांच्याकडे बघत होता.

"हो बघ गो," बाबा म्हणाले. "सरळ समोर येता. मनात पाप नाय ह्याच्या."

"अंकल, तो ऑराटस आहे," कास्मीर म्हणाला. "आता छोटा आहे म्हणून. मोठा झाला की कुणाला सोडणार नाय."

बाबांनी मला बाजूला ओढलं. "नको म्हणता, म्हणजे कोणा दुसऱ्यासाठी राखून ठेवल्यान."

या घरात येऊन मला अकरा वर्षं झाली. बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून सहा पिवळ्यांबरोबर मी तो ऑराटसही घेतला. कास्मीरने पिशवीला रबर लावताना माझ्याकडे असं बघितलं की मला लाज वाटली.

तीन महिने बरे गेले. ऑराटस वाढला, रुंद झाला, पिवळा होता तो काळा पडला. मग एका सकाळी एक यलो लॅब पर फाटून मेलेला सापडला. बाबांनी तपास हातात घेतला. पहिला संशय माझ्या नवऱ्यावर, राजेशने खाणं जास्त घातलं म्हणून. मग सोसायटीच्या पाण्यावर. मग अर्थात कास्मीरवर, त्याने आजारी माल गळ्यात मारला. शेवटी बाबा टाकीसमोर खुर्ची टाकून बसले आणि दुपारपर्यंत त्यांनी चोर धरला. फिल्टरच्या मागे, काचेला चिकटून, एक फिकट पडलेला पिवळा थरथरत होता.

"ह्योच तो. बघ कसो भिंतीक लागून आसा."

"बाबा, काळ्याला काढूया. कास्मीर म्हणाला होता ना?"

"काळो मधून फिरता. लपणा नाय. माका शिकवू नको, एकतीस वर्सां गेटार उभो होतंय."

मी हात जोडले. बाबांनी फिकट्याला जाळीने पकडून निळ्या बालदीत टाकलं, हवेची नळी सोडली, वर झाकण. तिसऱ्या दिवशी टाकीत आणखी एक मेला आणि फिल्टरच्या मागे त्याच जागी दुसरा पिवळा फिकट होऊन बसला. बाबा मान हलवत म्हणाले, "साथीदार."

मला राहवलं नाही. मी बालदीचं झाकण काढून त्यांच्या पुढ्यात आपटलं. "बघा तुमचा चोर!"

बालदीतला मासा हळदीसारखा पिवळाजर्द झाला होता. एकटा, मजेत, गोल गोल फिरत होता.

"तो लपत होता, कारण मार खात होता," मी ओरडले. "घाबरलेला दिसला म्हणून तुम्ही त्यालाच आत टाकलंत. मारणारा तुमच्यासमोर छाती काढून फिरतोय!"

बाबा पुन्हा टाकीसमोर बसले. काळ्याने टाकीच्या मधूनच झेप घेतली, तिसऱ्या पिवळ्याला कोपऱ्यात दाबलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या पिवळ्याचा रंग उडाला. बाबांनी ते पाहिलं. मला माझ्या ओरडण्याचं वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी स्वतः जाळी मागितली आणि काळ्याला बाहेर काढलं.

मग खुंटीवरचा शर्ट घालून ते दाराबाहेर पडले. मी अनवाणीच मागे धावले. ते लिफ्टमध्ये शिरले आणि त्यांनी अकरा दाबलं.

दार कुशाबांनीच उघडलं. अंगात बनियन, चष्मा कपाळावर. बाबांनी विचारलं.

"कुशाबा, त्या दिवशी गेटवर तुला एवढा घाम का फुटला होता?"

कुशाबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ते रागावतील, दार लावतील, असं मला वाटलं. ते नुसते चौकटीला टेकून उभे राहिले.

"तवा इचारलं असतंस तर सांगितलं असतं," ते म्हणाले. "आता खरंच आठवत नाय, सीताराम. झडती तेवढी आठवते."