तापलेला विळा

शनिवार होता. मी शाळेची ओसरी सारवत होते. मास्तरनं माझ्या सोमीला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि ओसरीच्या खांबाला बांधलं. बैलाच्या दाव्यानं. माझ्यादेखत. माझे हात कोपरापर्यंत शेणात.

"तुन्ही पोर येडी शे," मास्तर म्हणाला. "घर लई जाय तिले."

आत पोरं खिदळली. मी तशाच हातांनी दावं सोडलं.

सोमी सात वर्षांची. शब्द होते तिच्याकडे, पण चार माणसांत तोंडाबाहेर यायचे नाहीत. कुणी एकदम अंगावर हात टाकला तर चावायची. शाळेत घंटा म्हणून खांडबाऱ्याच्या स्टेशनावरनं आणलेला रुळाचा तुकडा टांगलेला. तो ठणाणला की कान दाबून किंचाळायची. एकटी असली की चिंचोके ओळीनं मांडत बसायची. बास, एवढंच. आमच्या पाड्यावर कुणी तिला वेडी म्हटलं नव्हतं. एखादी गाय बुजरी असते, म्हणून तिला कुणी रानात सोडून येतं का?

आणि हाच मास्तर पाड्यावर आला होता पोरं मागायला. गोऱ्या साहेबाचं राज तेव्हा. पोरं भरली नाहीत तर शाळा उठेल, याची भीती. माझ्या घरचं पाणी त्याला चाललं नाही. पोरगी चालली.

मी म्हटलं, "मास्तर, घंटा वाजवायच्या आधी तिला नुसतं सांगा. आता वाजणार, एवढंच. मग नाही ओरडत ती."

तो हसला. "राणीसायबले इचारीसन घंटा वाजाडू का?" मग आवाज चढवून म्हणाला, "तिन्हा आंगमा वारं शे. कानशिलवर डाग दी आन. तवलोंग शाळाना दार बंद."

शिकलेला माणूस हो हा! नाचता येईना अंगण वाकडं. पोर शिकवता येईना, तर म्हणे तिला चटका द्या.

माझ्या सासऱ्यानं ते ऐकलं आणि त्याच संध्याकाळी भगताला बोलावलं. भगत आधी नाही म्हणाला. "पोट दुखलं तर डागतात. न बोलण्याला डाग कुठं असतो?" सासरा म्हणाला, "मास्तरनं सांगितलंय." झालं! भगतानं विळा मागून घेतला. आमची माणसं अशीच. जंगलातलं पान न् पान ओळखतील, पण कागद वाचणारा बोलला की स्वतःचं शहाणपण खुंटीला टांगतील.

विळा चुलीत गेला. पातं लाल झालं. सोमीच्या बापानं तिचे पाय धरले. सासऱ्यानं डोकं. ती जीव तोडून ओरडली. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी भरली घागर उचलली आणि चुलीत ओतली. घरभर धूर. राख.

"पोरीला कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. "डागायचं तर आधी मला डागा. नाहीतर जा, त्या मास्तरला डागून या."

नवऱ्यानं मला मारलं. मारू दे. सोमीच्या कानशिलाला काही झालं नाही.

सोमवारी तिला घेऊन शाळेत गेले. मास्तर दारात आडवा. तिचे केस बाजूला सारून बघायला लागला, बाजारात जनावर बघतात तसा.

"डाग कठे शे?"

"दिला नाही. देणार नाही."

"मंग जाय."

नाही गेले. सोमीला मांडीवर घेऊन तिथंच बसले. त्यानं दार लावून घेतलं. माझ्या जागी सारवायला दुसरी बाई ठेवली. तरी मी रोज गेले, रोज बसले. पावसाळा आला, गेला. तो मास्तर बदलून गेला. दुसरा आला, त्यानंही दार लावलं. माझी सोमी त्या शाळेत पुन्हा कधी बसली नाही. हे मी विसरलेले नाही, माफ तर मुळीच केलेलं नाही.

आता म्हातारी झाले. पण कुठल्या पाड्यावर, कुणाचं पोर वेडं म्हणून शाळेतनं काढलं असं कानावर आलं की मी जाते. कुणी बोलावत नाही. त्या पोराच्या आईला घरातनं उठवते, शाळेच्या दारात आणून बसवते आणि तिच्या शेजारी बसते. मास्तर शिव्या देतो. देऊ दे. पोर आत घेतल्याशिवाय आम्ही दोघी तिथून हलत नाही.