विहिरीतला नारळ

आषाढ सरत आला होता. भालकीच्या घरी सकाळी फोन वाजला आणि मुडबीहून चुलतभाऊ महादेव एवढेच म्हणाला, "ताई, आई गेली." मग त्याच्या अंगणातल्या चिमण्यांचा आवाज तेवढा फोनमधून येत होता. माझ्या मनात त्या क्षणी शेतातली विहीर आली. असे का, हे सांगायचे तर बरेच मागे जावे लागेल.

महादेवची आई, आमच्या सुमतीकाकू, समुद्राकाठच्या. काका तरुणपणी सिंधुदुर्गातल्या एका बंदरावर कारकून होते, तिथेच त्यांचे लग्न झाले. पुढे आजोबा अंथरुणाला खिळले, शेत पाहायला कोणी उरले नाही, आणि काकू समुद्र सोडून आमच्या काळ्या मातीत आल्या. पहिल्याच दिवशी अंगणात उभ्या राहून त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाल्या, "तुमच्याकडचा वारा अळणी आहे गो." वाऱ्याला चव असते हे आम्ही मुले तेव्हा प्रथमच ऐकत होतो.

दुपारी भांडी घासता घासता त्या मध्येच थांबत. "आता तिकडे ओहोटी लागली असेल..." मग बोलण्यात ओल्या वाळूतले खुबे, म्हणजे शिंपले, निघत, रापण निघे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. सारा गाव दोन्ही टोकांनी दोर ओढतो, आणि दोराला नुसता हात लावणाऱ्या पोरीलाही मासळीचा वाटा मिळतो. तो वाटा परकराच्या ओच्यात घालून काकू घरी पळत. त्यांची आई ओरडे, पण तळलेला पहिला तुकडा त्यांनाच देई. पुढे मी शाळेत भूगोल शिकवू लागले. भरती-ओहोटीच्या धड्यात चंद्र-सूर्य सांगून झाले की मी पुस्तक मिटत असे आणि काकूंची रापण सांगत असे. समुद्र कधीही न पाहिलेली ती मुले पुढे सरकून बसत.

नारळी पौर्णिमेला मात्र काकूंना गोष्टींवर भागवता येईना. तिकडे त्या दिवशी सारा गाव वाजतगाजत किनाऱ्यावर जातो आणि अखंड नारळ समुद्राला देतो. आमच्याकडे समुद्र कुठला? पहिल्या वर्षी त्यांनी नारळाला हळदकुंकू लावले, मला सोबत घेतले आणि शेतातल्या विहिरीत तो अलगद सोडला. हात जोडून डोळे मिटतात न मिटतात तोच धप्पकन आवाज झाला. शेजारच्या शेतातले शिवप्पाअण्णा धोतरासकट विहिरीत उतरले होते. नारळ घेऊन ते पायऱ्या चढून आले, दगडावर फोडला आणि पहिली शकले काकूंपुढे धरली. "घ्या वैनी. हातातून निसटला जणू. कामून रडायलाव? सापडला की!"

आमच्याकडे देवापुढे नारळ फोडतात, न फोडलेला देवाला पोचत नाही, अशी समजूत. अण्णांची तरी काय चूक? काकूंनी डोळे पुसले आणि माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "समुद्राक दिलेलो नारळ काढूचो नसता, भावजी."

"ह्यो कुठला समुद्र? हीर हाय ही."

"माझ्यासाठी तोच."

अण्णा ओशाळले. पण त्या दिवसापासून दोघांची थट्टा सुरू झाली ती म्हातारपणापर्यंत. दर पौर्णिमेला अण्णा बांधावरून ओरडत, "वैनी, औंदा काढायचा का?" काकू उत्तर देत, "काढून तर बघा, मासळीचं कालवण पाजीन!" अण्णा कडक शाकाहारी, बसवण्णांना मानणारे. ते कानांवर हात ठेवत. "शिव शिव! नाव काढलं तरी आंघूळ करावी लागती!"

गेल्या काही वर्षांत बोअर झाली आणि विहिरीचा उपयोग संपला. नातवंडे तिथे खेळू लागली, तेव्हा महादेवच्या जिवाला घोर लागला. विहीर बुजवायची असे त्याने ठरवले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. काकू भांडल्या नाहीत. "बुजव बाबा," म्हणाल्या, "पण मी गेल्यावर..."

म्हणून त्या सकाळी मला विहीर आठवली. दिवसकार्य आटोपल्यावर महादेवने जेसीबीवाल्याला सांगूनही ठेवले होते.

नारळी पौर्णिमेला मी मुडबीत होते. घरात वर्षभर सण नाही, त्यामुळे नारळ आणायचा प्रश्नच नव्हता. सकाळी दारात काठीचा आवाज आला. शिवप्पाअण्णा उभे होते, हातात हळदकुंकू लावलेला नारळ.

"अण्णा, आमच्याकडं सण न्हाई यंदा," महादेव म्हणाला.

"तुमच्या घरी न्हाई. माझ्या घरी हाय की."

आम्ही त्यांच्यामागून शेतात गेलो. काठावर बसून, हात लांबवून त्यांनी नारळ सोडला. मग महादेवनेच जुनी थट्टा केली, "अण्णा, काढायचा का?"

"न्हाई रे बाबा," अण्णा म्हणाले. "त्यो समुद्राचा हाय."

महादेव थोडा बाजूला गेला आणि त्याने जेसीबीवाल्याला फोन केला. "नगं येऊस," एवढेच मला ऐकू आले. मग येऊन तो विहिरीवर बसवायच्या लोखंडी जाळीचे माप वितीने घेऊ लागला. नारळ जाईल एवढी खिडकी ठेव, असे अण्णा त्याला बजावत होते.

मी खाली पाहत होते. श्रावणाचा वारा विहिरीत उतरत होता, आणि तो नारळ दगडी काठाला लागत होता, सुटत होता, पुन्हा लागत होता...