इंद्रभानभाऊंचं जर्मनीचं वावर

मेडशीच्या इंद्रभानभाऊंनी जर्मनी पाहिलेली नाही, पण जर्मनीचा इतका धाक एखाद्या जर्मन माणसालाही नसेल. त्यांचं सोयाबीन सेंद्रिय म्हणून तिकडे जायचं होतं. तिकडचा नियम असा, की आधी दोन वर्षं वावरात रासायनिक औषधाचा थेंब पडता कामा नये. मग तिसऱ्या वर्षीचा माल घेणार. यंदा तिसरं वर्ष.

नियम मालाला होते, पण लागू झाले माणसांना. मेडशीत फवारणीचा पंप, ताडपत्री, पोती ज्याला लागेल तो उचलतो. भाऊंनी देणं बंद केलं, घेणंही. चहाला आलेल्या पाहुण्याला आधी "पायाले औषध तं नाही ना लागलं?" असं विचारणाऱ्याकडे लोक किती दिवस जाणार? ते धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, रामराम घालू लागले, मग तोही थांबला. नियम औषधाचा आहे हे गावाला उमगलंच नाही; वावरात पाय ठेवायचा नाही, एवढंच उमगलं. बायको अंजनाबाई वारलेल्या, मुलगी राखी पुण्यात. वावरात कोण आलं-गेलं याची वही ठेवावी लागे. भाऊ त्यात रोज लिहीत, "आज कोणी आलं नाही." माल घेणाऱ्या कंपनीचा तपासनीस ती नोंद पाहून फार खूश होई.

पोळ्याच्या सुमारास भाऊ मोतीबिंदूसाठी चार दिवस वाशीमला गेले. परतले, तर शेजारचा नथ्थू धुऱ्यावर दात काढून उभा.

"भाऊ, तुमच्या सोयाबीनले अळी लागली होती. म्या साऱ्या वावरात औषध मारून देल्लं. एक नाही ठेवली, पाहा!"

भाऊंचा एकच डोळा उघडा होता. तोही भरून आला.

"दुखते काय?"

"डोळ्यात थेंब टाकले ना, म्हून पानी येते."

"लोकं म्हनत, इंद्रभानले कोनी नाही पाह्यजे. म्या म्हनलं, असं कसं? मानूस दवाखान्यात पडला, तं पीक अळीले द्याचं काय?"

तीन वर्षांत त्या वावरात आपणहून शिरलेला हा पहिला माणूस. भाऊ म्हणाले, "लय बरं केलं रे बाबू. बस, चहा मांडतो."

वहीत खोटी ओळ लिहायला मात्र भाऊंचा हात धजेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला फोन करून खरं सांगितलं. वावर नापास झालं. पुन्हा पहिल्यापासून दोन वर्षं. हे दुःख सांगावं असा गावात एकच माणूस होता, आणि नेमकं त्यालाच सांगता येत नव्हतं.

दिवाळीआधी माल वाशीमच्या बाजाराला निघाला. पोती चढवायला नथ्थू न बोलावता आला.

"काहून भाऊ, जर्मनीचं काय झालं?"

"त्याईले यंदा सोयाबीन पुरलं म्हने."

"घ्या! तीन वर्स आमाले वावरात पाय ठेवू नाही देल्ला, अन् आता पुरलं म्हनते? बेइमान लोकं!" नथ्थू खरोखर संतापला. "जाऊ द्या. पुढच्या साली अळी दिसली का मीच येतो. सांगाचं काम नाही."

भाऊंनी पोत्यावरचा दोर आवळला. दोन वर्षं पुन्हा मोजायची की नाही, ते अजून ठरलं नव्हतं.

"ये," ते म्हणाले. "पंप घेऊनच ये."