अण्णांना दिलेला दुसरा भाग

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. खोलीवरच्या मित्रांना नाही, आईलाही नाही. एवढं काय त्यात, असं स्वतःला बजावत आलो — पण मग ते आठवलं की मान खाली का जाते?

माझे वडील, अण्णा, वालूरला शिलाईचं काम करतात. त्यांची शाळा सातवीत सुटली. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. शनिवारी परभणीहून घरी आलो की अण्णा मशीन थांबवून विचारायचे, काय नवीन वाचलं? मी काय सांगणार? एकदा सरांनी वर्गात एका लेखकाबद्दल सांगितलं होतं — निजामाच्या काळातला आपल्या भागाचा इतिहास ते असा लिहितात की पुस्तक खाली ठेववत नाही. तेच मी अण्णांना सांगितलं. आणि वर जोडलं, मी त्यांची सगळी पुस्तकं वाचलीत.

एकही वाचलं नव्हतं.

अण्णा कात्री हातात धरून तसेच थांबले. माझे आजोबा त्या काळात वाढले, पण त्याबद्दल कधी बोलले नाहीत. "मला बी आण की," अण्णा म्हणाले. "आधी कोणतं वाचायचं ते तूच बघ. तू वाचलंयस."

कॉलेजच्या ग्रंथालयात त्या लेखकाची दोन भागांतली कादंबरी होती, पण पहिला भाग कोणीतरी नेलेला. मॅडम म्हणाल्या, पंधरा दिवस थांब, दुसऱ्यापासून सुरू करू नकोस. मी म्हणालो, पहिला झालाय माझा. का बोललो तसं? रिकाम्या हाताने गेलो असतो तर अण्णांनी त्यातली एखादी गोष्ट सांग म्हटलं असतं — एवढीच भीती.

अण्णांनी आधी पुस्तकाला अस्तराच्या कापडाचं कव्हर शिवलं. मग पहिलं पान उघडलं.

"ह्याच्यावर भाग दुसरा लिव्हलंय की रे."

"चालतंय अण्णा. दोन्ही भाग येगळे हायत."

हेच ते. एवढंच बोललो मी.

महिनाभर ते वाचत होते. मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी पुस्तकातल्या माणसांची नावं लिहिली होती, कोण कोणाचा, कुठल्या गावचा. बऱ्याच नावांपुढची जागा रिकामी. मला विचारायचे, हा कोण? मी म्हणायचो, पुढं कळतं. मग एका शनिवारी त्यांनी पुस्तक माझ्या पिशवीत ठेवलं आणि हसले.

"न्हाई बसत आमच्या डोक्यात. लय शिकलेल्यांचं हाय ते."

आणि मी, खरं सांगतो, मान डोलावली.

पुढे पहिला भाग मिळाला. एसटीत उघडला, तर वहीतलं एकेक नाव भेटायला लागलं. हा मुनीम, ही त्याची लेक, हा तिचा भाऊ. सगळं किती सोपं, शेजारच्याने सांगावं तसं. दोन दिवसांत संपवला. अण्णांनीही संपवला असता.

गेल्या शनिवारी दुकानात बसलो होतो. गिऱ्हाइकाच्या शर्टाचं माप घेता घेता अण्णा त्याला सांगत होते, पोरगं जाडजाड पुस्तकं वाचतं, आमी एक घेतलं होतं, झेपलं न्हाई. माप लिहायला त्यांनी वही उघडली. ते नावांचं पान अजून तसंच आहे.

पहिला भाग माझ्या पिशवीत होता. मी तो बाहेर काढला नाही.