गेंड्याचा परवाना

आमच्या गावच्या जमीनदार मालकांना आफ्रिकेत जाऊन सिंह मारायचा होता. कळमनुरीच्या डोंगरातले बिबटे आणि पैनगंगेकाठची रानडुकरं मारून त्यांचं मन भरलं होतं. त्यातच हैदराबादेत कुण्या नवाबाच्या भिंतीवर गेंड्याचं मुंडकं पाहून आले, तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागेना. गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा, शाळेतला मास्तर. म्हणून मुंबईच्या एजंटाशी पत्रव्यवहार आणि सगळ्या खर्चाचा अंदाज करणं माझ्या गळ्यात पडलं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचं वर्ष होतं ते.

मी ते काम पुढेपुढे करण्यासाठी घेतलं असं गावाला वाटायचं. खरं कारण माझा दादा होता. मालक शिकारीला निघाले की चावडीवरून वर्दी यायची आणि घरटी एका माणसाने डबे-ढोल घेऊन हाक्याला जायचं, आरडाओरड करत जनावर त्यांच्या मचाणाकडे हाकायचं. मजुरी नाही, दुपारची भाकरीसुद्धा घरची. अशाच एका हाक्यात डुकराने दादाची मांडी फाडली. जखम वरून भरायची आणि आतून पुन्हा पिकायची. वहिनी रोज लिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने ती धुवायची. हाडाला लागलंय, हैदराबादला नेऊन हाड खरवडून घ्या, वर्ष गेलं तर पाय गेला, असं नांदेडच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. जाण्यायेण्यासह दोनशे रुपये लागणार होते. मास्तरकीत ते जमणं शक्यच नव्हतं. दादा तोंडाने काही मागत नसे, पण मी मालकांच्या बंगल्यावरून आलो की माझ्या तोंडाकडे बघत राही.

अंदाज करायला आम्हाला महिना लागला. बोटीची तिकिटं, तंबू, काडतुसं, वाट दाखवणारा गोरा शिकारी, मारलेल्या जनावरांची मुंडकी भरून आणायचा खर्च. प्रत्येक जनावराचा परवाना वेगळा. सिंहाचा, रानरेड्याचा, गेंड्याचा. आफ्रिकेत ज्वारी मिळेल न मिळेल म्हणून दोन पोती ज्वारी आणि तिच्या भाकऱ्या भाजून घालायला घरचा स्वयंपाकी. मालक लोडाला टेकून सांगायचे आणि मी लिहायचो. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

एजंटाच्या एका पत्रात लिहिलं होतं की हमालांना आणि हाकेकऱ्यांना रोजची मजुरी द्यावी लागेल, आणि कुणी जखमी झाला तर औषधपाणी व भरपाई शिकार करणाऱ्याने सोसायची. मी ते वाचून दाखवलं तेव्हा मालकांना आधी पटेचना. हाक्याला कुणी पैसे मागतं, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. एजंट लुबाडतोय असंच त्यांना वाटलं. तिथला कायदाच तसा आहे म्हटल्यावर तोंड वाकडं करून त्यांनी तीही रक्कम मांडायला लावली.

तेवढ्यात मी जीव मुठीत धरून दादाचं सांगितलं. मालकांनी मान वर केली.

"मास्तर, अगोदर काहून न्हाई सांगितलं? लिहा की दोनशे. किरकोळमधी लिहा."

त्यांना ठाऊक नव्हतं असं मुळीच नव्हतं. ज्या डुकराने दादाला फाडलं, त्याच्याच मटणाचा वाटा त्यांनी आमच्या घरी पाठवला होता. पण मला तेव्हा राग आला नाही. मी हात जोडले. त्या हात जोडण्याचीच मला आता चीड येते.

घरी सांगितलं तेव्हा दादाने बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवण केलं. हिंगोलीच्या ठेसनावरून गाडी कितीला सुटते, ते त्याने दोनदा विचारलं. वहिनीने त्याचं चांगलं धोतर धुऊन घडी घालून ठेवलं.

आठ दिवसांनी आखाडा बाळापूरचे एक कापडाचे व्यापारी बंगल्यावर आले. दर वर्षी मुंबईला माल भरायला जाणारा मुसलमान गृहस्थ, फार सज्जन. मालकांनी मोठ्या हौसेने त्यांच्यापुढे अंदाज धरला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि हळूच मला विचारलं, "मास्तरसाब, ये हाली है या कलदार?"

 आमच्याकडे निजामाचा हाली रुपया चालायचा आणि मुंबईला इंग्रजांचा कलदार. शंभर कलदाराला एकशे सोळा-सतरा हाली मोजावे लागत. ही गोष्ट आमच्या बाजारातल्या भाजीवाल्यालाही माहीत होती. एजंटाने सगळे आकडे कलदारात दिले होते आणि मी शिकलेल्या शहाण्याने ते हाली म्हणून मांडून बेरीज केली होती. अंदाज एका फटक्यात सहाव्या हिश्श्याने वाढला.

मालक रागावले नाहीत. भावकीला त्यांनी जुनाच आकडा सांगून ठेवला होता आणि आता तो वाढवून सांगणं त्यांना लाजिरवाणं वाटत होतं. ते म्हणाले, "तुमची चूक हाय, तुमीच निस्तरा. आकडा पहिला होता तेवढाच दिसला पाहिजे." कागद माझ्या हातात देऊन ते जेवायला उठले.

मी ओसरीवर बसून कापाकापी केली. तंबू एक कमी केला. तिसरी बंदूक काढली. स्वयंपाक्याला बोटीत डेकच्या स्वस्त तिकिटावर बसवलं, ज्वारीचं एक पोतं उतरवलं. तरी शेवटी पावणेदोनशे जास्त भरत होते. कापण्याजोगी दोनच कलमं उरली होती, गेंड्याचा परवाना आणि किरकोळ. गेंड्यावर काट मारायचा माझा अधिकार होता. मालकांनी तो मला स्वतःच्या तोंडाने दिला होता. पण चूक माझी, आणि त्यात माझ्याच घरचा खर्च शाबूत ठेवला तर हा माणूस काय म्हणेल, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. मला प्रामाणिक दिसायचं होतं. मी किरकोळवर आडवी रेघ मारली. मालकांनी नुसती बेरीज पाहिली आणि शाबासकी दिली.

दादाला मी सांगितलं की मालक फिरले, न्हाई म्हणाले.

पुढे लढाई सुरू झाली, बोटी बंद पडल्या आणि कुणीच कुठे गेलं नाही. दादाचा पाय मात्र त्याआधीच्या उन्हाळ्यातच मांडीपासून कापावा लागला होता. त्यानंतर एकदा मी हिय्या करून मालकांना विचारलं की ते दोनशे का दिले नाहीत. त्यांना खरोखरच नवल वाटलं. म्हणाले, "तुमीच काढलं ना ते? मला वाटलं, गरज न्हाई राह्यली."

दादाने दहा वर्षं मालकांना शिव्या घातल्या. पोराबाळांना, पाहुण्यांना, पारावरच्या लोकांना तो सांगत राहिला की ह्या माणसाने शब्द दिला आणि मोडला. मी शेजारी बसून ऐकायचो.

निजामाची राजवट संपली त्या वर्षी सगळं गाव बंगल्यावर गेलं, इथून पुढे हाका नाही, वेठ नाही हे सांगायला. कुबडी टेकत दादा सगळ्यांच्या पुढे होता. मालक म्हातारे झाले होते, दारातच उभे राहिले. दादा त्यांना म्हणाला, "हाक्यात मांडी गेली ते मी नशीब म्हटलं. पण दोनशे रुपये देतो म्हणून न्हाई म्हटलं, तितं तुमी माझा पाय खाल्ला."

 मालकांनी गर्दीत मला शोधलं.

"मास्तर, तुमी तरी सांगा. तुमाला ठावं हाय."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. दादाही बघत होता. दादा बराबर बोलतो, असं मी म्हणालो.

मालकांनी मान खाली घातली. मग ते आत गेले, आणि दादाने घरी येईपर्यंत माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही.