गवरीचा नैवेद्य

आमच्याकडे गौरीची मूर्ती नसायची, तेरड्याची रोपं असायची. ती घरात आणायचा मान माहेरवाशिणीचा, म्हणजे माझ्या आत्याचा. तळोज्याकडच्या सासरहून ती दरवर्षी यायची. तेरडा सुपात घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहायची. आई तिच्या पायांवर पाणी घालायची, मग हळदीकुंकवाच्या पावलांवरून गौर आत. दुसऱ्या दिवशी नैवेद्याला चिंबोऱ्यांचं कालवण.

लहानपणी मी आत्याला विचारलं होतं, "देवी खेकडे खाते?"

"कैलासावर तिला काय हाय गो? नवरा जोगी, अंगाला राख. वर्साची एकदा मायेरला येते. तवा तिला आवडीचं नको वाढाया?"

"आणि गणपतीला?"

"त्याला मोदक. पोराचं येगलं, आईचं येगलं."

पुढे गावातलं घर पाडलं आणि आम्ही सानपाड्याच्या सोसायटीत राहायला आलो. तिथल्या पहिल्याच गौरीला आत्या आली, काखेत सूप आणि हातात पिशवी. पिशवीत चिंबोऱ्या खरखरत होत्या. बाबांनी तिला दारातच सांगितलं, "या वर्षी पुरणपोळीच करू. इथे सगळे बाहेरचे लोक. वास गेला तर उगाच टेन्शन."

"दादूस, गवर त्यांच्याकडं आलीय का आपल्याकडं?"

बाबा दारातून बाजूला झाले. आत्याने गौर आत आणली, सगळ्या खोल्यांतून फिरवली, गणपतीशेजारी बसवली. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीही जेवली. गौरी विसर्जन करून ती गेली.

पुढच्या वर्षी ती आली नाही म्हणून बाबा तिला आणायला गेले. मीही सोबत होते. तिने चहा केला, सगळ्यांची विचारपूस केली आणि म्हणाली, "आता मी हितंच गवर बसवते, दादूस. तिला टाकून कशी येऊ?" ती रागावली असती तर बाबांनी तिची समजूत काढली असती. ती रागावलीच नव्हती.

दिवाळीत शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या. जाताना हसत बाबांना म्हणाल्या, "तुम्ही आगरी ना? मग चिंबोऱ्यांचं कालवण कधी खाऊ घालताय?"

बाबा कसनुसं हसले. त्या गेल्यावर त्यांनी ताट झाकून ठेवलं. मग आईला म्हणाले, "पुढच्या गौरीला तिला घेऊनच येतो. ऐकणार नाही मी."

आत्या त्या उन्हाळ्यातच गेली.